प्रिंटर रात्री बंद होता

मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठी अमरावतीला गेलो होतो. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं शनिवारी सकाळी उतरलो, आलुबोंडे हाणले, आणि दुपारपर्यंत हात शिवशिवायला लागले. गाडगेनगरात घराखालीच बाबांचं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. तिथल्या मशीनवर मी नोकरीला लागलो त्याच वर्षी डेबियन टाकलं होतं. कारण साधं, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. प्रत्येकात एक तरी व्हायरस, आणि दर महिन्याला फॉरमॅट मारायला मी पुण्याहून कसा येणार?

तर झालं असं की दुकानातली लॅनची वायर उंदरांनी कुरतडली होती. मी एक चिमुकला वायफाय डोंगल नेला होता, आत रिअलटेकची ८८२१सीयू चिप. डेबियन १२ चा कर्नल ६.१, आणि या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून. म्हणजे नवा कर्नल हवा. तयार कर्नल बॅकपोर्ट्समधून दोन कमांडमध्ये मिळाला असता, हे मला माहीत होतं. पण कॉलेजनंतर कर्नल कंपाइल केलाच नव्हता. हौस, दुसरं काय!

रात्री दुकान बंद झाल्यावर ६.१२ चा सोर्स उतरवला. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये हजारो मॉड्यूल्स असतात, जुन्या आय-३ वर ते सगळं बांधायचं तर सकाळच उजाडली असती. म्हणून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरलं. स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेली ही सोय २००९ मध्ये २.६.३२ पासून कर्नलमध्ये आली. या घडीला कोणती मॉड्यूल्स लोड झाली आहेत ते ती बघते, तेवढी ठेवते आणि बाकीची गाळून टाकते. डोंगलचा ड्रायव्हर मी मेन्यूत जाऊन हातानं चालू केला. तासाभरात कर्नल तयार! रीबूट केलं, वायफाय लागलं, मी खूश होऊन झोपलो.

रविवारी कुठलीतरी स्पर्धा परीक्षा होती. अशा दिवशी बाबा सातलाच शटर उघडतात, दर्यापूर-मोर्शीकडची पोरं हॉल तिकीट काढायला येतात. सव्वासातला खालून हाक आली, "काऊन रे, हे छापून नाही राह्यलं!"

समोर सहा पोरं. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, लाइट हिरवा. यूएसबीच्या यादीत दिसतो. कप्स म्हणतं काम पूर्ण झालं. आणि कागद जागचा हलत नाही. मी केबल बदलली, टोनर काढून हलवून घातला, रांग रिकामी केली. आपल्याच कर्नलवर शंका घ्यायची सोडून सगळं केलं. एका पोराचं सेंटर बडनेरा रोडला होतं. तो सारखं घड्याळ बघत होता. शेवटी बाबाच त्याला म्हणाले, "तू समोरच्याकडे जा बाबू, उशीर होईल." समोरचं दुकान म्हणजे... असो. बाबांनी स्वतःहून गिऱ्हाईक तिकडे पाठवलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मागोमाग अजून दोघं गेले.

तेवढ्यात एकानं पेनड्राइव्ह पुढे केला. तोही उघडेना! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. रात्री पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूल लोड नव्हतं, म्हणून ते बांधलंच गेलं नाही. आणि प्रिंटर? बाबा रोज दुकान बंद करताना त्याचं बटण बंद करतात. पंचवीस वर्षांची सवय.

या १०२० ची एक गंमत आहे. त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर कायम राहत नाही. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरनं ते पाठवायचं असतं. आमच्याकडे फू-टू-झेडजेएसची स्क्रिप्ट ते काम करते, आणि पाठवते यूएसबीएलपी या मॉड्यूलनं उघडलेल्या दारातून. दारच नाही, तर फर्मवेअर जाणार कुठून? कप्स मात्र त्या दारावाचून थेट यूएसबीशी बोलतं, त्यामुळे त्याला सगळं आलबेल वाटत होतं. 'मॉडप्रोब यूएसबीएलपी' मारून पाहिलं. असं मॉड्यूल नाही, उत्तर आलं.

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमधल्या लेझर प्रिंटरचा सोर्स मिळाला नाही म्हणून रिचर्ड स्टॉलमन भडकले होते, ती गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलेली. माझ्याकडे अख्खा सोर्स होता. मीच त्यातून प्रिंटर गाळला होता.

रीबूट, ग्रबमधून जुना ६.१. प्रिंटर बंद करून चालू केला, तो गुरगुरला आणि कागद यायला लागले. उरलेल्या तिघांची तिकिटं निघाली. बाबांनी पैसे घेतले नाहीत.

दुपारी दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. कर्नल पुन्हा बांधावा लागला नाही. त्याच सोर्समध्ये प्रिंटर आणि स्टोरेज मॉड्यूल म्हणून चालू केले, तेवढीच बांधून जागेवर टाकली. ६.१२ वर परत आलो, प्रिंट काढली, पेनड्राइव्ह उघडून दाखवला.

बाबा गल्ल्याशी बसून बघत होते. "आता सगळंच चालते नं?"

"हो बाबा, सगळं."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि ऑनलाइन फॉर्मचे फोटो काढायचा वेबकॅम काउंटरवर ठेवला. "मग हे लावून पाहाय."

लावला. नाही चालला.