मॅरेथॉनच्या वाटेनें

ग्रीस देशांतील मॅरेथॉन हें गांव अथेन्सच्या ईशान्येस, समुद्राजवळील मैदानाच्या कडेस वसलें आहे. नांवाचा अर्थ बडीशेप. ती तेथें रानोमाळ उगवे म्हणून हें नांव पडलें, असें म्हणतात. ख्रि. पू. ४९० मध्यें येथें अथेन्सवासीयांनीं इराणी सैन्यास पिटाळलें. ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवला आणि सांगतांच गतप्राण झाला, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु लढाईनंतर अवघ्या दोन पिढ्यांनीं लिहिणारा हिरोडोटस या मरणाविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. तो सांगतो तें असें, कीं लढाईपूर्वीं फिडिप्पिडीस नांवाचा जासूद साहाय्य मागण्यासाठीं स्पार्टा नगरीस धांवला व सुमारें २४० किलोमीटर वाट तुडवून दुसऱ्याच दिवशीं पोंचला. स्पार्टाचें उत्तर काय? आज नवमी, पौर्णिमेपूर्वीं आमचें सैन्य निघावयाचें नाहीं! (तिथि पाहून प्रस्थान ठेवणारे केवळ आपणच नव्हे.) नकार पदरीं घेऊन परतलेला हा जासूदच आम्हांस अधिक थोर वाटतो.

प्राण सोडणारा दूत ग्रंथांत अवतरतो तो सुमारें सहाशें वर्षांनंतर, प्लुटार्क व ल्यूशियन यांच्या लेखणींतून. त्याच कथेवरून मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडितानें १८९६ च्या ऑलिंपिकसाठीं ही शर्यत सुचविली, आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीकानें ती जिंकली. ४२.१९५ किलोमीटर हें अंतर मात्र १९०८ च्या लंडनमधील. १९२१ सालीं तें कायम झालें. आपल्या बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालीं अँटवर्पला हीच शर्यत धांवून एकोणिसावे आले होते.

त्या जुन्या वाटेवर आतां दर नोव्हेंबरांत शर्यत होते. गेल्या कार्तिकांत आम्हीही तींत उतरलों. गुडघ्यामुळें डॉक्टरांची नाखुषी होती, आणि घरीं अबोला. पांचव्या किलोमीटराच्या सुमारास १९२ अथेन्सकरांच्या समाधीस वळसा पडतो. पादत्राणें काढावीं असें मनांत आलें, पण मागून लोंढा येत होता. पुढें दहापासून एकतीसपर्यंत बहुतेक चढच. गुडघा बोलूं लागला. मागें पडलेल्यांस उचलणारी मोटारही दिसूं लागली. वाटेंत एका वृद्धेनें ऑलिव्हची डहाळी हातीं दिली होती, ती मुठींत धरून आम्ही पाय ओढीत राहिलों. अथेन्सच्या संगमरवरी क्रीडांगणांत शिरलों तेव्हां आठ तासांची मुदत संपावयास अकरा मिनिटें उरलीं होतीं.

तेथूनच पुण्यास घरीं दूरध्वनि केला : "पोंचलों, प्राण शाबूत आहे."

पलीकडून क्षणभर कांहींच नाहीं. मग, "आधीं खालीं बसा."