तंटा मिटला, पण कोणाच्या मते?

लोकसहभागातून चालणाऱ्या कार्यक्रमाने योजलेले काम केले की नाही, त्याचा लाभ कोणाला झाला आणि कोण वगळले गेले, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे मूल्यमापन. मात्र ही तपासणी कोणत्या निकषांवर करावयाची, हा प्रश्न सरकारी व्यवहारात बहुधा तपासनीस गावात पोहोचण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो. अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट स्टेक यांनी १९७० च्या दशकात संबंधित लोकांचे प्रश्न हाच मूल्यमापनाचा आरंभ मानणारी पद्धत मांडली, तर पुढे स्टॅफर्ड हूड यांनी तिला वंश आणि संस्कृती यांच्या विचाराची जोड दिली. महाराष्ट्रात ही दृष्टी आणावयाची तर वंशाच्या जागी जात, जमीन आणि बाईचे घरातील स्थान यांचा विचार करावा लागतो.

सांगली जिल्ह्यातील कुंडल या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगे आहे, कारण गावचा न्याय गावानेच करावा ही कल्पना या परिसरात सुमारे सत्तर वर्षांच्या काळात तीनदा अमलात आली. कुंडल औंध संस्थानात असताना, १९३९ च्या राज्यघटनेने तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेकडे सोपवून ग्रामपंचायतींना कारभाराचे व न्यायाचे अधिकार दिले. महात्मा गांधी आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्या घटनेच्या घडणीत मोठा वाटा होता. पुढे १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या, इंग्रजी सत्तेला समांतर चालणाऱ्या प्रतिसरकारचे कुंडल हे प्रमुख केंद्र बनले आणि गावोगावच्या न्यायदान मंडळांसमोर सावकारीची, जमिनीची आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांची गाऱ्हाणी येऊ लागली.

प्रतिसरकारचे मूल्यमापन कोणी केले यावर त्याचे चित्र पालटते. इंग्रजी अंमलाच्या लेखी हा सारा गुन्हेगारीचा प्रकार होता, आणि त्या निकषावर हे मत खोटेही ठरत नाही, कारण खजिन्यांची लूट झाली होती आणि तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षाही दिल्या गेल्या होत्या. समाजशास्त्रज्ञ गेल ऑमव्हेट यांनी मात्र चळवळीतील माणसांच्या तोंडी साक्षींना पुराव्याचा दर्जा दिला, आणि तिथून शेतकरी समाजाने स्वतःची सत्ता उभारल्याचे चित्र पुढे आले. तरीही न्याय्य मूल्यमापनाला एवढ्यावर थांबता येत नाही. बोलावयास पुढे येतात ते प्रामुख्याने कार्यकर्ते. ज्यांना शिक्षा झाली त्यांची, आणि ज्यांच्यापाशी तंटा करण्याइतकी जमीनच नव्हती अशा दलित शेतमजुरांची साक्ष त्यामानाने फारच थोडी नोंदली गेली. स्थानिक स्मृती सरकारी दप्तरापेक्षा अधिक जवळची असते, पण जवळची म्हणून ती आपोआप निःपक्षपाती होत नाही, हे गावाच्या अभिमानापोटी सहसा विसरले जाते.

तिसरा प्रयोग महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा. शेजारच्या तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी ती राज्यभर सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर अशा तंट्यांच्या नोंदी ठेवाव्यात, आणि मिटवलेल्या तंट्यांसह अन्य उपक्रमांना गुण देऊन गावाला पुरस्कार द्यावा, अशी तिची रचना होती. गावाने आधी स्वतःचे मूल्यमापन करावे ही तरतूद निश्चितच पुढारलेली होती. दोष निकषातच होता: मिटलेल्या तंट्याला गुण मिळू लागले की तो मिटवण्याची घाई समितीला होते, आणि त्या घाईचा भार दोन पक्षांपैकी दुबळ्यावर पडतो. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली सून नांदावयास परत गेली, तर नोंदवहीत एक तंटा कमी होतो. तिची मारहाण थांबली की नाही, हे त्या नोंदवहीवरून कळत नाही.

संस्कृतीची जाण ठेवणारे मूल्यमापन म्हणजे चावडीवर बैठक भरवून सर्वांचे म्हणणे ऐकणे, असा एक सोपा समज आहे. प्रत्यक्षात चावडीवर कोण बसते, कोण उभे राहते आणि कोण फिरकतच नाही, याचे ज्ञान असणे हीच ती जाण. म्हणूनच बाईची मुलाखत घरातील माणसांच्या अनुपस्थितीत, शक्यतो बाईनेच घ्यावी लागते. वस्तीवरच्या मजुराला रोज बुडणार नाही अशा वेळी गाठावे लागते. आणि निष्कर्ष अहवालात जाण्यापूर्वी, कोणाचे नाव उघड न करता, त्याच लोकांना वाचून दाखवून त्यांची हरकत नोंदवावी लागते. याला वेळ व खर्च अधिक लागतो, ही तक्रार खरी आहे.

तंटामुक्तीसारखी मोहीम पुन्हा आखणाऱ्यांनी निदान एक बदल करावा: तडजोडीनंतर सहा महिन्यांनी तक्रारदाराला एकांतात विचारल्याखेरीज कोणताही तंटा मिटला असे धरू नये, आणि तोवर त्याचे गुणही देऊ नयेत.