जाणं-येणं

आमच्याकडे दोन घरांचं नातं किती घट्ट आहे हे विचारायचं असेल, तर 'त्यांच्याकडे जाणं-येणं आहे का?' असं विचारतात. प्रेम आहे का, असं कुणी विचारत नाही. भांडण झालं की जाणं-येणं तुटतं आणि मिटलं की पुन्हा सुरू होतं. नात्याची सगळी भिस्त पायांवर. आणि २०२० च्या मार्चमध्ये हे पायच घरात बसवले गेले.

मी आदिलाबाद जिल्ह्यातला, जैनथ मंडलातला. गावाखालून पैनगंगा वाहते, पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्रात राहिलो आणि २०१४ साली तेलंगणात आलो. सोयरिकींनी ही सालं कधी मनावर घेतली नाहीत. लेकी तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या. माझी आत्या पाटणबोरीकडची. लग्न असो, बारसं असो की माती असो, पूल ओलांडला की झालं.

त्या वर्षी होळीला आत्याकडून पुरणपोळ्यांचा डबा आला. स्टीलचा, झाकणावर मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून पाडव्याला भरून नेऊ असं ठरलं. पाडवा आला २५ मार्चला, आणि त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं.

गुढी उभी केली, तर खाली रस्त्यावर कुत्रंही नाही. शेजारच्या तेलुगू अक्का दर उगादीला पच्चडीची वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात येतात. कडुलिंबाचा फुलोरा, चिंच, गूळ, कैरी, मिरची, मीठ. कडू-गोड एकाच घोटात. त्या दिवशी त्यांनी वाटी मधल्या भिंतीवर ठेवली, चार पावलं मागे सरकल्या आणि तिथून हाक मारली. मी वाटी उचलेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. तेवढा वेळ आम्ही दोघं त्या वाटीकडेच बघत होतो.

पुढच्या चार दिवसांत गावांनी आपापल्या वेशी बंद केल्या. कुठे बाभळीच्या काट्या, कुठे आडवी बैलगाडी. पोलिसांआधी माणसांनीच. आजी सांगायची, प्लेगात गाव उठून शेतात झोपड्या घालून राहायचं आणि संध्याकाळी एका झोपडीतून दुसरीला नुसती हाळी जायची. उलट हाळी आली की समजायचं, आहेत. आमच्या वेळी हाळीचं काम फोनने केलं. म्हातारी माणसं व्हिडिओ कॉलवर फोन कानाला लावत आणि आम्ही त्यांच्या कानाशी बोलत राहायचो.

एक शब्द मात्र मला शेवटपर्यंत खुपला : सामाजिक अंतर. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्चमध्येच शारीरिक अंतर म्हणायला सुरुवात केली होती. आमच्याकडच्या तेलुगूत भौतिक दूरम् आलं. मराठीच्या तोंडी पहिलंच बसलं. वस्तीतला माझा एक मित्र, ज्याच्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं, फोनवर हसत म्हणाला, "ते तर आमच्यासंग कव्हापासून पाळूनच ऱ्हायले ना लोक." मला उत्तर सुचलं नाही.

आमच्या जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला, पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातले गोंड गोदावरीचं पाणी पायी आणतात आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांना देवापुढे नेतात. त्या विधीला भेटिंग म्हणतात. आमच्या कानाला त्यात आपली भेटच ऐकू येते. देवाची आणि वडीलधाऱ्यांची समोरासमोर भेट होत नाही, तोवर सून कुळाची नाही. त्या वर्षी जत्रा जानेवारीत पार पडली होती. दोन महिने उशीर झाला असता तर त्या मुली कोणत्या कुळाच्या राहिल्या असत्या, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मला उगाच पडायचा.

मे महिन्यात मोठे काका गेले. वयाने गेले, साथीने नाही. पण नियम सगळ्या मरणांना एकच होता : वीस माणसं. आमचं मसण नदीकाठीच. काकांना खाली ठेवलं तेव्हा पलीकडच्या वाळूत दोन माणसं दिसली. आत्या आणि तिचा नातू. मे महिन्यातली पैनगंगा म्हणजे वाळूत एक बारीक धार. घोट्याएवढ्या पाण्यातून ती पन्नास पावलांत भावापाशी आली असती, आणि त्या वाळूत अडवायलाही कुणी नव्हतं. ती आली नाही. घरात दोन महिन्यांची पणती होती.

तिने तिकडूनच हंबरडा फोडला. सुखाच्या कार्याला गेलं नाही तर चालतं, मातीला जावंच लागतं, अशा रीतीत वाढलेली बाई ती. इकडे आमच्या बायका तिला धरायला म्हणून आपोआप चार पावलं पुढे झाल्या आणि पाण्याच्या कडेला थांबल्या. हात तसेच पुढे राहिले. अग्नी दिल्यावर आत्याने धारेतलं ओंजळभर पाणी घेतलं आणि सोडलं. कागदावर वीस माणसं होती.

आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाही ३० जूनला एसटीने पंढरीला गेल्या. फोनवर आत्या म्हणाली, "देवच मोटारीनं गेला, मंग आपलं काय!"

सरहद्द लवकर सैल झाली, भीती सैल व्हायला संक्रांत उजाडली. अक्कांनी सकिनालू तळले होते. ते आत्याच्या डब्यात भरले आणि निघालो. पुलावर मी गाडी थांबवली नाही, खाली वाळूकडे पाहिलंही नाही.

आत्या दारातच होती. मी वाकलो तर तिने आधी डबा घेतला आणि झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला.

"धा महिने ठेवला व माय माहा डबा!"

मग झाकण उघडून आत पाहिलं, एक सकिनम मोडून तोंडात टाकलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्या पायांशी ठेवला.

"पाय धू," म्हणाली, "अन् हात बी."