उत्तराचं तिकीट आपल्याकडून!

ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहायला आपल्याला दमडीही पडत नाही. कदाचित म्हणूनच कुणी रिव्हर्ट करत नाही! पण समजा, तुम्हाला अर्जेंटिनातल्या एखाद्या अनोळखी माणसाचं कागदावरचं उत्तर हवंय. पाकिटात आपली तिकिटं घालून उपयोग नाही, तिथल्या पोस्टात ती चालत नाहीत. मग त्याने तुमच्यासाठी स्वतःच्या खिशात हात का घालावा?

यावर १९०६ साली रोममध्ये तोडगा निघाला. युनिव्हर्सल पोस्टल युनियनने ‘इंटरनॅशनल रिप्लाय कूपन’ आणलं. आपण इथे कूपन घ्यायचं, पत्रात घालायचं. समोरच्याने ते आपल्या पोस्टात देऊन परदेशी पत्राला पुरतील एवढी तिकिटं घ्यायची. सिंपल!

मुंबईत या कूपनचा माग काढायचा तर सुरुवात सीएसएमटीजवळच्या जीपीओपासून. जॉन बेगने डिझाइन केलेली ही इमारत १९१३ साली पूर्ण झाली. लोकलची घाई बाजूला ठेवून एकदा आत शिरा आणि मान वर करा. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट बघताना रांगही सुसह्य होते.

मग लालबाग-परळ. इथल्या गिरणी कामगारांना ही आयडिया वेगळ्या रूपात पाठ होती. गावी मनीऑर्डर केली की फॉर्मचाच एक तुकडा पावती म्हणून परत यायचा, त्यावर आईची सही नाहीतर अंगठा. पैसे पोचले, आई बरी आहे, दोन्ही एकदम कळायचं. शिवाय जोडकार्ड होतंच. अर्धं आपल्या मजकुराचं, अर्धं उत्तरासाठी कोरं.

गिरगावातल्या एका चाळीत मला कूपनचा खरा भक्त भेटला. सत्तरीचे हॅम रेडिओवाले काका. जगात कुठेही वायरलेसवर बोलणं झालं की पुरावा म्हणून क्यूएसएल कार्ड मागवायचं, सोबत आपला पत्ता लिहिलेलं पाकीट आणि एक कूपन.

“अगं, उत्तर आपल्याला हवं, मग त्याचा भुर्दंड त्याला कशाला?” काकांचा साधा हिशोब.

याच कूपनवरून १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने लोकांना ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं गाजर दाखवलं. एका देशात स्वस्त घ्यायचं, दुसऱ्यात महाग विकायचं! त्याच्या धंद्याला १६ कोटी कूपनं लागली असती. जगात फिरत होती सुमारे २७ हजार. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

काकांच्या अल्बममध्ये एक न वटवलेलं कूपन आहे, जपानमधल्या एका मुलाने पाठवलेलं. मुदत ३१ डिसेंबर २००६. काका तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. घरी आले तोवर कूपन बाद. त्यांनी पदरच्या तिकिटांवर कार्ड पाठवलं.

“त्याने उत्तराचे पैसे भरले होते ना!”

आता कूपनचे दिवस सरत आलेत. ब्रिटनच्या रॉयल मेलने २०११ अखेर विक्री थांबवली, अमेरिकेच्या पोस्टाने २०१३ मध्ये. पण काकांची चिंता वेगळीच आहे. चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीय. गच्चीवरची अँटेना उतरणार, आणि काका दादरला लेकीकडे जाणार. त्यांच्या वहीनुसार अकरा पाकिटं अजून जगात कुठेतरी आहेत, सगळ्यांवर गिरगावचा पत्ता. काही तर चार वर्षांपूर्वीची! पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देता येतो, पण तो कायमचा चालत नाही.

काकांनी मार्ग काढलाय. अकराही जणांना नव्या पत्त्याची कार्डं लिहायला घेतलीत. मी गेले तेव्हा सातवं चालू होतं.

“एवढं करून नाहीच आलं उत्तर तर?” मी विचारलं.

“येईल गं,” काका पेन न थांबवता म्हणाले. “फक्त दादरला यायला हवं.”