तिसरी बाटली

माझ्या डिझेल गाडीचे सगळे इंजेक्टर सरसकट बदलायला मी तयार होतो, मिस्त्रींनीच अडवलं. ‘‘साहेब, आधी रिटर्न बघू.’’ परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून गाडी चालू ठेवली, तर तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली. चोर सापडला.

काढताना मात्र घाम फुटला. कार्बनने इंजेक्टर असा धरलेला की हलेना. घाव घालायची सोय नाही, आत नाजूक सुई. तेल सोडून, पुलर लावून, इंच इंच करत काढला. जुना तांब्याचा वायसर खाली बसून राहिलेला; तो विसरला तर नव्यालाही गळती लागते.

हे इंजेक्टर कॉमन रेलचे, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्यांना डिझेल पुरवणाऱ्या पद्धतीचे. ही पद्धत प्रवासी गाडीत १९९७मध्ये आल्फा रोमिओ १५६पासून आली. रेलमधला दाब हजार बारच्याही पुढे जातो, त्यामुळे चिमूटभर कचराही महागात पडतो. मिस्त्री उघड्या नळ्यांची तोंडं झाकत होते ते उगाच नाही.

नव्या इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरला. हे काम बरेच जण टाळतात, मग इंजिन खडखडतं म्हणून पुन्हा फेऱ्या! किंमत ऐकून पोटात गोळा आला, पण डिझेल फिल्टरही लगोलग बदलायला सांगितला.