हाताले दिसते

गोंदियाचा माणूस समुद्रात काय करतो, हे मला दर मोसमात पन्नासदा तरी सांगावं लागतं. बोटीवर हवेच्या टाक्या बांधता बांधता गप्पा निघतात, एखादा नागपूरकडचा पाहुणा माझ्या तोंडचा 'काऊन' ऐकून कान टवकारतो, गाव विचारतो आणि हसायलाच लागतो. हसू दे. आमच्याकडे समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. तलावांचा जिल्हा म्हणतात तो उगीच नाही. कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांचे झाले आणि सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी'चं आखूड रूप होऊन 'मामा तलाव' झाले. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला नवेगावबांध. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं लहानपणापासून ऐकत आलो. आमचं गाव त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, आणि आम्ही ढिवर. तलाव बांधणारे ते, पाण्यात उतरणारे आम्ही.

बुडालेली पहिली नाव मी पाहिली ती गावच्या तलावात, आणि ती माझ्या बापानं स्वतः बुडवली होती. डोंगा एका अख्ख्या लाकडातून कोरलेला असतो. उन्हाळ्यात तलाव आटला आणि डोंगा काठावर उघडा पडला, की उन्हानं लाकूड तडकतं. म्हणून चैत्र संपताना त्यात गोटे भरायचे आणि जिथं पाणी टिकतं तिथं चिखलात बसवून ठेवायचा. पाऊस पडून तलाव चढला की काढायचा. खुणेची काठी तोवर कुठं तरी वाहून गेलेली असते आणि पाणी चहासारखं लाल. बाबा आधी पायानं चाचपायचे, मग बुडी मारायचे. मी त्यांच्या मागं. मी डोळे सताड उघडे ठेवायचो, चिखल जायचा, बाहेर येऊन डोळे चोळत बसायचो. ते म्हणायचे, "पान्यात डोरे काहाले फाडतं, बाबू? हाताले दिसते."

ते खोटं नव्हतं. त्यांच्या बोटांना कमळाचा देठ वेगळा कळायचा, शिंगाड्याचा वेल वेगळा, मरळीची सुळकन निसटणारी पाठ वेगळी. शिंगी माशाचा काटा मात्र कळायच्या आतच टोचायचा आणि हात रात्रभर ठणकायचा.

गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालं की थेट कोल्हापूर येतं. एक अख्खा दिवस आणि वर काही तास बुडाखालची जागा बदलत बसायचं, मग एसटीनं घाट उतरून मालवण. पंधरा वर्षांपूर्वी मी तसाच गेलो, हॉटेलात काम मिळेल म्हणून, आणि तारकर्लीत बोटीवर टाक्या उचलायला लागलो. पोहता येतं म्हटल्यावर पाण्यात ढकलला गेलो. पहिल्या दिवशी बुडताच येईना. खारं पाणी माणसाला वर फेकतं. गोड्या पाण्यात जेवढ्या शिशाच्या वजनानं मी दगडासारखा गेलो असतो, त्याहून दोन-तीन किलो जास्त कमरेला बांधावं लागलं. पोहणाऱ्यांच्या सात पिढ्या, आणि मी समुद्रावर बुचासारखा तरंगतोय! मालवणी पोरं पोट धरून हसली.

पुढं कोर्स केले, डाईव्ह मास्टर झालो, आणि आता बरीच वर्षं गोव्यात आहे. पाहुण्यांना बुडालेल्या जहाजांवर नेतो. आमच्या भाषेत रेक.

हा धंदा एका फोटोवर चालतो. काउंटरमागच्या फलकावर निळंशार पाणी असतं, त्यात अख्खं जहाज, डोलकाठीसकट. तो फोटो बहुतेक अंदमानचा असतो, नाही तर त्याहून लांबचा. मी सुरुवातीला जिथं कामाला होतो तिथंही तसाच फलक होता आणि त्याबद्दल बोललो की मालक म्हणायचा, तू टाक्या भर. आपल्या किनाऱ्याचं पाणी तसं नाही. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या गाळ घेऊन येतात, तळ उथळ, लाटा तो ढवळतात. डायव्हिंगचा मोसम ऑक्टोबर ते मे. त्यात चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या हातातला गेज डोळ्यापाशी आणावा लागतो. बोटीवर पहिला प्रश्न 'विझ किती?' हाच. विझ म्हणजे विझिबिलिटी. आणि ती नसली की पाहुण्याचा चेहरा आधी विझतो.

ग्रँड आयलंडजवळ सुझीज रेक म्हणून जागा आहे. या जहाजाच्या गोष्टी मी इतक्या ऐकल्यात, की कधी ते मालवाहू असतं, कधी लढाईतलं, कधी खडकावर आदळतं, कधी विम्यासाठी बुडवलेलं असतं. गोष्ट सांगणाऱ्याला त्या दिवशी किती टिप हवी त्यावर तोफा वाढतात. मी गोष्ट सांगत नाही. मी एवढंच सांगतो, की खाली लोखंड आहे, ते ओळखायला वेळ लागेल, घाई करू नका.

कारण पाण्याखाली जहाज दिसत नाही. दोरी धरून उतरत जावं, कानांत दडा बसला की नाक दाबून हलकेच फुंकावं, दहा मीटरवर पोचेपर्यंत दाब वरच्या दुप्पट झालेला असतो, आणि समोर येतो तो एक हिरवट-काळा ढीग. खडक म्हणावा तर कड जरा जास्तच सरळ आहे. माणूस तिथंच वैतागतो. आता त्या कडेवर नजर ठेवून तरंगत राहायचं. हळूहळू त्या सरळ रेषेत ठराविक अंतरावर गोळे दिसू लागतात. ते रिव्हेट. एकदा रिव्हेट कळले की तो पत्रा होतो, पत्रा कळला की त्याच्यामागची वाकलेली फासळी कळते, आणि फासळ्या मोजता मोजता आपण जहाजाच्या पोटात आहोत हे ध्यानात येतं. त्या क्षणी पाहुण्याचे बुडबुडे एकदम वाढतात. श्वास वर-खाली होतो ना! मी पाठमोरा असलो तरी आवाजावरून ओळखतो, की याला दिसलं.

मग मी टॉर्च लावतो. पाणी आधी तांबडा रंग खातं, पाच-सहा मीटरवर तो जवळपास संपलेला असतो. बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. टॉर्चचा झोत पत्र्यावर टाकला की त्या मेलेल्या हिरव्यातून गंज एकदम लालभडक उठतो, शेजारी नारिंगी स्पंज, मध्येच जांभळं काही तरी. झोत हलवला की पुन्हा काळोख. टिकलीएवढा तो उजेड घेऊन मी पत्र्यावरून जातो आणि मला हटकून बाबांची बोटं आठवतात.

गंमत अशी, की माझं काम नेमकं उलटं आहे. बापानं मला हातानं बघायला शिकवलं आणि मी दिवसभर लोकांचे हात आवरतो. छातीवर घडी घाला, कशाला शिवू नका, हातमोजे घालू नका. मोजे घातले की माणसाला वाटतं आता धरायला हरकत नाही. गंजका पत्रा ब्लेडसारखा कापतो. खडकासारखा दिसणारा विंचू मासा पत्र्यावरच बसलेला असतो आणि त्याच्या काट्यापुढं आमची शिंगी परवडली. शिवाय इतकी वर्षं जे तिथं धरून वाढलंय, ते एका मुठीत निघून येतं. तरी खरं सांगू? सकाळी पहिला म्हणून उतरलो आणि आसपास कुणी नसलं की माझेच हात शिवशिवतात.

हात आवरले तरी पाय राहतात. माझी एक चूक आहे आणि ती मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. पाचव्या-सहाव्या वर्षी असेल, मी बॉयलरच्या बाजूनं दोघांना घेऊन चाललो होतो आणि वळताना टाच खाली झटकली. पायातल्या फिनच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या रबरी पंज्याच्या, त्या एका फटक्यानं तळाचा गाळ असा उठला, की पीठ सांडावं. एक पाहुणा माझ्या कोपराला चिकटून होता, दुसरा नाहीसा. एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर वर जायचं, असा नियम आहे. ते मिनिट फार मोठं असतं. टाकीवर टकटक ऐकू येत होती, तो आपल्या कडीनं वाजवत होता, पण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगानं धावतो आणि दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच शिरतो. डावीकडून की उजवीकडून, डोक्याला कळत नाही. चहूबाजूंनी टकटक. तेव्हा मी डोळे मिटले, खोटं कशाला बोलू, आणि हात पसरून पत्र्याच्या कडेनं चाचपत गेलो. चार हातांवर त्याचा दंड लागला. दोन्ही मुठींनी पत्रा धरून तो उभा होता. त्याच्या टाकीत हवेचा दाब ६० बार उरला होता. आम्ही ५० ला पाण्याबाहेर असतो. संथ वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, ती मिनिटं त्याहून मोठी. बोटीवर तो म्हणाला, मजा आली. मला उलटी झाली. तेव्हापासून मी बेडकासारखे पाय मारतो, आडवे.

आमच्यासारखे जिथं पाहुणे नेतात, त्यापेक्षा खरा खजिना जिथं नेत नाहीत तिथं आहे. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्व शाखेनं मुरगाव बंदराबाहेर सुंची खडकापाशी सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पोर्तुगीज जहाज शोधलं. पाणी म्हणाल तर तीन ते सहा मीटर, म्हणजे आमच्या गावच्या तलावाच्या खोल जागेएवढंच. तिथं लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, बाटल्यांचे बुडखे आणि घडीव दगड मिळाले. पाणघोड्याचे दात! आफ्रिकेतल्या कुठल्या नदीतला तो प्राणी आणि कुठं मुरगावचा खडक. त्या लोकांची रीत ऐकली तेव्हा मला माझ्या धंद्याची लाज वाटली. कमरेवर पाणी असलेल्या माणसालाही उभं राहू न देणाऱ्या लाटेत ते टेप धरून मोजतात. वस्तू सापडली म्हणून उचलत नाहीत. कुठं, कशाच्या शेजारी, कोणत्या अंगावर पडली आहे ते आधी लिहितात.

त्यांचंच दुसरं काम सेंट जॉर्ज खडकाजवळचं. तिथल्या जहाजात भाजक्या मातीचा माल होता, कौलं, कोन्याची कौलं, खांबांचे नक्षीदार माथे. त्यावर शिक्का, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. कुणालाही वाटेल, सापडली तारीख. पण १८६५ हे मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं साल. ते पुढं कैक वर्षं छापत राहिले. तेव्हा जहाज १८६५च्या आधी बुडालेलं नाही, एवढंच त्यातून निघतं. मला हे फार आवडलं. आमच्या घरावरचं तसलं कौल, त्याला आमच्याकडे इंग्रजी कवेलू म्हणतात, लहानपणी मी त्यावरची अक्षरं बोटानं गिरवायचो. त्याच जातीचं एखादं कौल कुणाच्या तरी घरावर चढायला निघालं होतं आणि खडकाखाली जाऊन बसलं.

पाहुण्यांना वस्तू हवी असते. एकाच्या बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाच्या, खिशातून मी पितळी कडं काढून घेतलं होतं. तो चिडला, म्हणाला, पैसे भरलेत. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, हे मी त्याला सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. बाबांच्या डोंग्यातला गोटा उचलून नेला तर डोंगा वर येईल, तसं काही तरी मला वाटतं. सगळं जागेवर असेल तरच ती नाव आहे. नाही तर भंगार.

आणि सगळीच बुडालेली जहाजं मजेनं बघायची नसतात. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या म्हाताऱ्यांसमोर ते नाव काढलं की अजून गप्पा थांबतात. तिचे अवशेष दाखवायला मला कुणी कितीही पैसे दिले तरी मी बोट काढणार नाही. त्यापेक्षा सिंधुदुर्गात जे चाललंय ते मला पटतं. नौदलातून २०२४ला निवृत्त झालेली आयएनएस गुलदार, ८० मीटरहून लांब, पोलंडमध्ये बांधलेली, ती निवतीच्या समुद्रात मुद्दाम बुडवायची, माशांना घर आणि आमच्यासारख्यांना काम, अशी एमटीडीसीची योजना आहे. तेल, तारा, जे विषारी ते काढून, साफ करून मग बुडवायची. ही बातमी मी घरी फोनवर सांगितली, तर बाबांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. नाव बुडवतातच.

गेल्या जानेवारीत ते गोव्याला आले. सत्तरीला टेकलेत, पण डॉक्टरचा कागद सरळ मिळाला, फुप्फुसं माझ्यापेक्षा बरी. रेग्युलेटर तोंडात धरवेना, इतकी वर्षं श्वास कोंडून उतरलेला माणूस, त्याला 'श्वास कोंडायचा नाही' हे पटवायलाच अर्धा तास गेला. मी त्यांना जहाजाच्या उथळ बाजूला नेलं, सहा मीटरवर. पाणी त्या दिवशी खूपच गढूळ होतं. पाहुण्यांना मी परत नेलं असतं.

हाताची घडी घाला म्हणून वर दहा वेळा बजावलं होतं. पत्र्यासमोर आलो तसा त्यांनी उजवा हात सोडला आणि पुढं नेला. मी मनगट धरायला सरसावलो, पण हात पत्र्यापासून वीतभर अलीकडेच थांबला. तसाच कडेकडेनं, न टेकता, सरकत गेला. सगळं ठीक का, म्हणून मी समोर येऊन बोटांची खूण केली. उत्तर नाही. पुन्हा केली. मग टॉर्च त्यांच्या मास्कवर वळवला, तर आत डोळे मिटलेले.

वर आल्यावर बराच वेळ ते बोटीच्या कडेला पाय सोडून बसले. चहा दिला, घेतला. मला वाटलं, घाबरले असतील.

"मंग," ते म्हणाले, "हे काहाडाचं कवा?"