तोलात चूक नव्हती

काडतुसांचा वेग कमीजास्त आला की पहिलं बोट दारू तोलणाऱ्याकडे जातं. निवृत्त होऊन साकोलीला स्थायिक झालो, तरी या गोष्टीची चीड माझ्या मनातून गेलेली नाही.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. रायफलची काडतुसं बनत, मी प्रूफ विभागात, म्हणजे काडतुसं झाडून तपासणाऱ्या विभागात होतो. दारूचा नवा लॉट आला की आधी थोडी काडतुसं हाताने भरतात. दारूचं वजन थोडं थोडं बदलायचं आणि कोणत्या वजनाला हवा तो वेग मिळतो, ते झाडून पाहायचं. 7.62 मिलिमीटरच्या काडतुसात दारू जेमतेम 3 ग्रॅम, गोळीचा वेग मात्र सेकंदाला 800 मीटरच्या वर.

मे महिना होता. भरणारा मुलगा आमच्याच भागातला, लाखनीकडचा. वाऱ्याने काटा हलतो म्हणून तोलताना पंखा बंद. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, पण पारड्यात एक दाणा जास्त झाला तरी तो चिमट्याने उचलून काढायचा. त्या दिवशीच्या एका गटात वेग फारच पसरला. काही काडतुसं सरासरीच्या बरीच वर गेली. संध्याकाळच्या आत त्याच्या हातात मेमो : निष्काळजीपणे दारू तोलल्याबद्दल खुलासा द्यावा.

तो माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, मी तोलात नाही चुकलो जी."

मी फायरिंगचं रजिस्टर उघडलं. गटाच्या मध्यावर वेग मोजणाऱ्या पडद्याने एका गोळीची नोंदच घेतली नव्हती. दुरुस्तीसाठी झाडणं थांबलं. तोवर पुढचं काडतूस तापलेल्या बॅरलच्या चेंबरमध्ये भरून झालं होतं, ते तिथेच राहिलं. उरलेला ट्रे व्हरांड्यात, उन्हाच्या झळीत. नियम असा, की काडतुसं 21 अंश सेल्सिअसला ठेवून बाहेर काढली की लगेच झाडायची. दारू तापली की जलद जळते, दाब वाढतो, वेगही वाढतो. वर गेलेले आकडे सगळे खोळंब्यानंतरचेच होते. न झाडलेली काडतुसं उघडून दारू पुन्हा तोलायला लावली. वजनं जुळली. हे सगळं मी लिहून दिलं. उत्तर आलं, की प्रकरण निकाली निघालं आहे. मेमो मागे घेतला गेला नाही.

तोलाशिवायही कारणं भरपूर असतात. काडतुसाच्या केसचं पितळ जाड असेल तर आत जागा कमी, मग तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. केसच्या गळ्याची गोळीवरची पकड सैल-घट्ट असते. दारू पेटवणारा प्रायमर कमीजास्त खोल बसतो. केस पूर्ण भरलेली नसेल तर दारू प्रायमरकडे सरकली आहे की गोळीकडे, यानेही फरक पडतो. तेल लागलेल्या थंड बॅरलची पहिली गोळी वेगळीच जाते. आणि पाच गोळ्यांवरून पसारा ठरवणं म्हणजे एका पोत्यातली मूठ घेऊन अख्ख्या ट्रॉलीतल्या धानाचा ओलावा ठरवणं. गोळ्या वाढवा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेगातलं अंतर वाढतच जाणार.

मेमो देणाऱ्या साहेबांवरचा माझा राग आजही आहे. तरी एक कबूल करतो, त्यांनी तो लॉट अडवला हे योग्यच केलं. शंका असलेली दारू पुढे जाऊ द्यायची नसते, त्यांच्या जागी मीही अडवला असता. पण लॉट अडवणं वेगळं आणि माणसाला दोषी धरणं वेगळं.

हल्ली नागपूरचा भाचा परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ दाखवतो. घरच्या टेबलावर काडतुसं भरायची, तीन झाडायची आणि वेगातल्या फरकाचा आकडा सांगायचा. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा आहे, हे त्याला आधी बजावलं. मग समजावलं, की सेकंदाला 3 मीटरच्या फरकाने 300 मीटरवर गोळी एक सेंटीमीटरही खाली-वर होत नाही. हजार यार्डांवर तोच फरक चार बोटांचा होतो. एवढ्या लांब झाडणाऱ्यानेच त्याची काळजी करावी.

प्रूफमध्ये आज जी मुलं काम करतात त्यांना एक विनंती. वेगाच्या आकड्याशेजारी तापमान लिहा, झाडणं कुठे आणि किती वेळ थांबलं ते लिहा, आणि कुणाकडेही खुलासा मागण्याआधी उरलेली काडतुसं उघडून तोला.